तेवढ्याच मापाचं इंजिन

"मागचं येऊ द्या," मामा म्हणायचे आणि खिडकीतून उजवा हात बाहेर काढून हवेला हळूहळू खाली दाबायचे, झोपेला आलेल्या लेकराला थोपटावं तसे.

वळण औंढ्याच्या चौकातलं असो की एखाद्या तांड्याकडे उतरणाऱ्या पांदीचं, कच्च्या गाडीवाटेचं, पद्धत तीच. गाडी आधी रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला न्यायची, तिथून मोठा अर्धगोल घेत वळवायची आणि वळून झाल्यावरही आरशात पाहत जरा थांबायचं. मागून काहीतरी लांबलचक यायचं आहे, ते नीट आत आलं की मग पुढं. मागं काहीच नसायचं. सात माणसांची ती पांढरी गाडी आमच्या पाठीमागं लगेच संपायची. दुचाकीवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. मामांना त्याचं काही नव्हतं. अख्खं आयुष्य ट्रक चालवलेल्या माणसाच्या पाठीशी तो ट्रक तसाच जोडलेला राहिला होता. आपल्याला दिसत नव्हता, एवढंच.

असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. निवृत्त झाल्यावरही पहाटे उठून गणवेशाला इस्त्री करणारा, किंवा दुकान विकल्यावरही येणाऱ्याजाणाऱ्याला "या, बसा" म्हणणारा. आमच्या मामांच्या वाट्याला ट्रक आला होता.

मी तेव्हा औंढा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. लसीकरणाच्या दिवशी वाड्या-तांड्यांवर जायला भाड्याची गाडी लावलेली असायची, ती मामांची. आमच्या खात्यात ड्रायव्हरला मामा म्हणायची रीत आहे, आणि ते मला सिस्टर म्हणायचे. दोघांचीही खरी नावं आम्हाला ठाऊक होती, पण कधी लागली नाहीत. ते औंढ्याजवळच्या एका तांड्यावर राहायचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे. मामा वसमतची हळद सांगलीला, कापसाच्या गाठी गुजरातेत, असं वाहत फिरले. शेवटी कमरेनं ऐकेनासं केलं तेव्हा ट्रक विकला आणि नांदेडहून ही जुनी, मोठी गाडी आणली.

हीच का आणली, त्याचं उत्तर ते विचारायच्या आधीच देत. "इंजिन बघून घेतली. तीन लिटरचं हाय. माझ्या ट्रकाचंबी तेवढंच व्हतं. बराबर तेवढंच."

त्यांचा ट्रक लहान होता, सहा चाकांचा. तरी एवढ्या ओझ्याच्या ट्रकाचं आणि या आरामाच्या गाडीचं इंजिन सारखंच मोठं, हे मला खरं वाटेना. लिटर म्हणजे काय, तेही मला कळत नव्हतं. इंजिनात तीन लिटर डिझेल बसत असेल असं मी समजत होते. मामांनी मला दूधवाल्याच्या मापावर समजावलं. इंजिनात चार नळकांडी असतात, त्यांत दट्टे खालीवर होतात. दट्टा खाली गेला की वर जेवढी जागा मोकळी होते, तेवढं त्या नळकांड्याचं माप. चारही मापं मिळून तीन लिटर. "म्हंजे श्वास तेवढाच," ते म्हणाले. "माझ्या ट्रकाचा श्वास जेवढा, तेवढाच हिचा."

"मग अशा गाड्या एवढ्या पळतात आणि ट्रक काहून रांगायचा?"

त्यावर ते बैल आणि घोडा असं काहीतरी सांगू लागले. हे बोलणं त्यांच्याच अंगणात चाललं होतं आणि त्यांची बायको शेजारीच हळकुंडं निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "घोडं कवा पाळलं व्हतं तुमी?" मामा हसले आणि विषय तिथंच राहिला.

खरं सांगायचं तर ती गाडी मामांच्या हातात पळतच नव्हती. सायकलवाल्याच्या थोडं पुढं, एवढाच तिचा वेग. ट्रकासारखेच ते भराभर गिअर वर टाकत जायचे, चौथ्या-पाचव्यात नेऊन ठेवायचे आणि मग पाय उचलून घ्यायचे. गाडी आतल्या आत थरथरायची. चढ आला की धापा टाकायची, मागून काळा धूर काढायची. मामांचा चेहरा पडायचा. "हिला इकडचं डिझेल मानवत न्हाई," ते म्हणायचे. मग पंप बदलायचे. एकदा त्यांनी हवेला दोष दिला, एकदा आधीच्या मालकाला.

आखाडा बाळापूरच्या रस्त्याला त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. ट्रक होता तेव्हापासूनची दोस्ती. शेवटी गाडी त्यांच्याकडं नेली तेव्हा मीही सोबत होते, कारण मला पुढं कळमनुरीला मीटिंग होती. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि काजळीनं काळं झालेलं ते बोट मामांच्या नाकासमोर धरलं.

"मामू, बीमार नहीं है ये. इसकू दौडाओ."

"काहून दौडाऊ? इंजिन तर तेवढंच हाय."

"नाप उतनाच है. काम अलग है." मिस्त्री गाडीला रेलले. ट्रकाचं इंजिन, त्यांनी सांगितलं, दिवसभर भार ओढायला बनवतात. त्याचा दांडा जाड, भिंती जाड. ते हळू फिरतं आणि हळू फिरतानाच त्याचा जोर सगळ्यात जास्त. त्याच्याकडून ताकद मुद्दाम बेतानं काढून घेतात, म्हणजे ते वर्षानुवर्षं टिकतं. गाडीचं इंजिन हलकं. तेवढ्याच मापातून त्याच्याकडून जास्त ताकद काढतात, पण ती ताकद ते वेगानं फिरलं तरच देतं, आणि लागतेही घटकाभरच, पुढच्याला मागं टाकायला किंवा चढावर. असं इंजिन कायम वरच्या गिअरात हळू चालवलं की त्याचा दम कोंडतो, आत काजळी धरते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मंग माझा ट्रक कमजोर व्हता म्हन की."

"मैं कब बोला?"

पण मामांचं बिनसलं ते बिनसलंच. पुढं कितीतरी दिवस ते त्या गॅरेजवरून जाताना उजवीकडच्या शेताकडं बघत गाडी न्यायचे. शेतात बघण्यासारखं काही नसायचं.

मला मात्र त्यांच्या त्या संथ गाडीत बसायला आवडू लागलं होतं. लस थंड डब्यात, डबा माझ्या मांडीवर, खिडक्या सताड उघड्या. काचा लावल्या तर इंजिन ऐकू येत नाही म्हणून मामा मे महिन्यातही काचा लावू द्यायचे नाहीत. हळद शिजायच्या दिवसांत सगळ्या शिवारावर एक पिवळट, मातकट वास तरंगत असायचा. वाफ झाडांच्या कमरेएवढी उठायची आणि तिथंच राहायची. त्यातून आम्ही जात आहोत की आम्ही थांबलो आहोत आणि शेतंच मागं सरकताहेत, ते कळायचं नाही. अशा वेळी मामा बोलू लागायचे, माझ्याशी नव्हे, समोरच्या काचेशी.

"घाटात भरला ट्रक पहिल्या गिअरात घातला ना सिस्टर, की मंग काही करायचं न्हाई. इंजिनाचा एकच सूर लागतो. घूंऽऽ. दुपार निघून जाते पन सूर बदलत न्हाई. मंग आपला श्वासबी त्याच्यासारखा चालतो. डोंगर कधी सरला, कळत न्हाई. मला तर कधी वाटायचं, डोंगरच खाली चालला, आपुन हाय तिथंच हाव."

मी ऐकत राहायचे. रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके अडकलेले असायचे. एखादी म्हातारी हात दाखवायची, मामा थांबून तिला बसवून घ्यायचे आणि बोलणं जिथं सुटलं तिथून पुन्हा सुरू व्हायचं.

त्यांच्या बायकोला ती गाडी आवडत नव्हती. मोठ्या हाडाची बाई, कपाळापर्यंत ओढणी, हसली की सगळं अंग हलायचं. ती मला एकदा म्हणाली, "ट्रकाचा आवाज मला लई दुरून कळायचा. माळावर चढला की म्हणायची, आले. चुलीवर चहा ठेवायची. ही गाडी चोरावानी येती. बघावं तर दारात उभे."

"मग चहा?"

"आता ते येऊन बसतेत, मंग ठेवती. बसल्या बसल्या माझ्याकडं बघत राहतेत. पहिल्यांदा लाज वाटली बाई मला."

इतके हळू का चालवता, हे मी मामांना फक्त एकदाच विचारलं. आम्ही एका लिंबाखाली डबे उघडून बसलो होतो. भाकरी खाऊन, हात धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "एकदा ब्रेक मारला व्हता. पावसाची भुरभुर व्हती, रस्ता वला. म्होरं बैलगाडी. गाडीवान उताना झोपला व्हता, बैल आपले चालून राहिले. म्या दाबला ब्रेक. ट्रक थांबंना. मागं पोती व्हती, ती सगळी म्होरं सरकून राहिली, मला पाठीवर कळून राहिलं. थांबला, पन कसा? बैलगाडीची मागची फळी माझ्या बंपरला टेकली. टकटक केल्यावानी. तेवढंच."

"आणि तो माणूस?"

"उठलाच न्हाई. बैल चालत गेले. त्याला आजबी ठाऊक नसंल." ते स्वतःच्या उजव्या पायाकडं बघत होते. "कायबी झालं न्हाई, सिस्टर. पन तवापासून ह्यो पाय भितो. रेस दाबतच न्हाई."

यानंतर मी त्यांना घाई करायला सांगणं सोडून दिलं.

मग तो हिवाळ्यातला दिवस आला. आम्ही आडबाजूच्या एका तांड्यावर लसीकरणाला गेलो होतो. समाजमंदिराच्या ओट्यावर लेकरं रडत होती, आया हसत होत्या, आणि एक म्हातारी धावत आली. तिच्या सुनेला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायला अवकाश आहे म्हणून सगळे थांबले, आणि आत्ता घरातच बाळंतपण झालं होतं. पोरगी झाली होती, चांगली रडत होती. पण आईचं रक्त थांबत नव्हतं.

मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. मला म्हणाली, "झोप येऊन राहिली." तिला झोपू द्यायचं नव्हतं. मी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळायला घेतलं. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाकडं गेलेली होती. ती परत येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

मामांनी न सांगता गाडी दाराशी आणून लावली होती. मागच्या सीटवर तिला आडवं केलं, सलाईनची बाटली वरच्या कडीला अडकवली. बाळ घेऊन सासू पुढं बसली. मी खाली गुडघ्यावर, दोन्ही हात तिच्या पोटावर.

"मामा, हिंगोलीला. पळवा."

गाडी निघाली. पांदीतून डांबरी रस्त्याला लागली आणि नेहमीसारखी चौथ्यात जाऊन थरथरू लागली. मला आरशात मामांचे डोळे दिसत होते. ते रस्ता बघत नव्हते, मागं बघत होते. आमच्याकडं नाही, आमच्याही पलीकडं.

"मामा, बाळंतीण जाईल हो!"

त्यांचा हात गिअरवर गेला आणि त्यांनी तो वर टाकण्याऐवजी खाली घेतला. ट्रकवाल्याला हे करणं किती जड जात असेल, ते मला नंतर कळलं. इंजिन किंचाळलं. मामांचे खांदे कानापर्यंत वर आले, जणू कुणी त्यांनाच मारत होतं. पाय उचलतील असं मला वाटलं. त्यांनी तो उचलला नाही.

आणि मग ते किंचाळणं सरलं. कसं सांगू? थरथर गेली, धापा गेल्या. मागून काळ्या धुराचा एक मोठा लोट निघाला आणि रस्त्यावर राहून गेला. गाडी एकदम हलकी झाली. वेग वाढत होता आणि तरी सगळं शांत होत चाललं होतं. हळदीची शेतं, तुरीचे पट्टे, विजेचे खांब हे सगळं एकमेकांत मिसळून एक हिरवी-पिवळी ओल झाल्यासारखं खिडकीतून वाहत होतं. बाटलीतला थेंब पडत होता. पुढं बाळ रडायचं थांबलं होतं. मी त्या बाळंतिणीला नाव विचारत होते, पुन्हा पुन्हा, आणि ती दरवेळी जरा उशिरानं का होईना, सांगत होती. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. रस्ता संपेपर्यंत ही जाणार नाही.

एका वळणावर मामांनी गाडी सरळ आपल्या बाजूनं वळवली. हात बाहेर काढला नाही. थांबले नाहीत.

दवाखान्यात तिला आत नेलं. रक्त मिळालं. दुपार कलायच्या सुमाराला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आता धोका नाही. सासू तिथंच फरशीवर बसून रडली. मी मामांना सांगायला बाहेर आले.

ते गाडीजवळ नव्हते. आवारातल्या कडुलिंबाखाली चवड्यावर बसले होते. उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"वाचली मामा."

त्यांनी मान हलवली. पाय न सोडताच म्हणाले, "मालाला घाई नसती, सिस्टर. सांगलीला हळद एक दिवस उशिरा गेली तर गेली. मी जनमभर मालाच्या चालीनं चाललो." मग गाडीकडं बघून, जरा लाजून, "हिच्या पोटात एवढं काही असंल, ठाऊकच न्हाई झालं मला."

त्यानंतरच्या आठवड्यात ते आपणहून मिस्त्रींच्या गॅरेजसमोर थांबले. मी गाडीतच बसून पाहत होते. मिस्त्रींनी पोराकरवी चहा मागवला. चहा झाल्यावर मामांनी काहीतरी विचारलं, आणि मिस्त्री आत जाऊन दोन जड दांडे घेऊन आले. इंजिनाच्या आत दट्ट्यांचं खालीवर होणं ज्याच्यामुळं फिरण्यात बदलतं, तो दांडा. एक ट्रकातून काढलेला, एक गाडीतून. जमिनीवर पोतं अंथरून शेजारी शेजारी ठेवले. लांबी जवळपास तेवढीच. मामांनी एक उचलला, मग दुसरा. ट्रकाचा उचलताना त्यांची कमर आखडली, तरी त्यांनी तो लगेच खाली ठेवला नाही. छातीशी धरून, अंगठ्यानं त्याची झीज चाचपत उभे राहिले. मग गाडीचा घेतला. तो त्यांनी उन्हात धरून फिरवला आणि त्याची चमक त्यांच्या गालावरून, मिस्त्रींच्या दाढीवरून फिरून गेली. दोघंही हसत होते. काय बोलले, ते मला ऐकू आलं नाही.

मग दर बाजाराच्या दिवशी मामा गाडीला मोकळ्या रस्त्यावर पळवून आणू लागले. मिस्त्रींनीच तसं सांगितलं होतं, पण नुसती गाडी कशाला पळवायची म्हणून ते बायकोला शेजारी बसवायचे. मी एकदा रस्त्यात उभी असताना ती गाडी माझ्या समोरून गेली. काचा उघड्या, ओढणीचं टोक बायकोनं दातात धरलेलं, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती. मामा गंभीर. मी हात केला तो त्यांना दिसलाही नसेल. धूळ बसली तेव्हा रस्ता रिकामा होता, आणि मला उगीचच वाटलं की मी त्यांना तरुणपणी पाहून घेतलं.

मग माझी बदली झाली, सेनगाव तालुक्यात, साखऱ्याला. पुढच्या हिवाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला फोन त्यांच्या बायकोनं केला. रडली नाही. "आवाज न्हाई की काही न्हाई," एवढंच म्हणाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या वेळी. माझं सामान सोडायला तेच आले होते. खाट, पेट्या, सिलेंडर, तुळशीची कुंडी, सगळं उतरवून झालं. मी त्यांना म्हटलं, जेवल्याशिवाय जायचं नाही. ते म्हणाले, "तुमी करा भाकरी, मी हाव इथंच." खोलीच्या मागं पडीक रान होतं, गुडघाभर वाळकं गवत. त्या गवतात ते पटका डोक्याखाली घेऊन झोपले. मी गॅस जोडला, भाकऱ्या थापल्या, झुणका केला. मध्येच खिडकीतून पाहिलं तर वाऱ्यानं सगळं रान हलत होतं आणि ते एकटे त्यात निश्चल.

ताट वाढून मी बाहेर आले तेव्हा ते निघून गेले होते. त्यांना तांड्यावरून कुणाचा तरी फोन आला होता, असं शेजारणीनं सांगितलं. सिस्टरला कामातून उठवू नका, भाकरी करू द्या, म्हणाले. गवतात त्यांच्या अंगाएवढी जागा दबलेली होती. मी ताट हातात घेऊन तिथंच उभी राहिले. एकेक काडी सावकाश सरळ होत होती.